गाणे आपले, मालकी कोणाची?

एप्रिल महिना जवळ येऊ लागला की महाराष्ट्रातल्या शहराशहरात, वस्तीवस्तीत भीमगीतांच्या नव्या अल्बमची तयारी सुरू होते. पूर्वी शाहीर, कोरस, ढोलकी आणि हार्मोनियम असा संच असे. आज त्याच वस्तीतली मुले गिटार, ड्रम आणि रॅप घेऊन ‘बँड’ म्हणून उभी राहत आहेत. स्टुडिओ तासावर भाड्याने मिळतो, गाणे मोबाईलवरून जगभर जाते, कोणा कंपनीच्या दारात तिष्ठत बसावे लागत नाही. ही मुले स्वतःला ‘स्वतंत्र बँड’ म्हणवतात आणि त्याचा आनंदच आहे. परंतु स्वतंत्र म्हणजे नेमके काय? डोक्यावर कंपनी नाही म्हणून स्वतंत्र, की गाण्याची मालकी स्वतःच्या हाती आहे म्हणून स्वतंत्र? प्रकाशन सोहळ्याच्या फ्लेक्सवर कोणाचा फोटो कोणाच्या वर घ्यायचा यावर रात्र रात्र बैठका होतात. गाण्याचा मालक कोण, यावर मात्र पाच मिनिटेही कोणी बोलत नाही!

हा प्रश्न किती जिवंत आहे ते समजून घ्यायचे असेल तर तमिळनाडूकडे पाहिले पाहिजे. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम कल्चरल सेंटरने संगीतकार तेन्मा यांना सोबत घेऊन २०१७ साली ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा बँड उभा केला. ६ जानेवारी २०१८ रोजी चेन्नईच्या किलपॉक भागात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. उत्तर चेन्नईच्या झोपडपट्ट्यांतून जन्मलेले ‘गाना’ हे लोकगायन, मरणाच्या दारी वाजते म्हणून अशुभ ठरवलेले परई हे वाद्य आणि त्यांच्या जोडीला रॉक व रॅप, असा तो मेळ होता. सुटाबुटात उभे राहून या कलावंतांनी आरक्षणावर, गोमांसावर, जातीवर गाणी म्हटली. बँडचे नावसुद्धा पंडित अयोती दास (१८४५-१९१४) यांच्या ‘जात नसलेले तमिळ’ या संकल्पनेवरून घेतले आहे. हे तेच अयोती दास, ज्यांनी १८९८ साली श्रीलंकेत बौद्ध धम्म स्वीकारला. आपल्याकडे त्यांचे नाव फार कमी घेतले जाते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

याच बँडमधून अरक्कोणमचा अरिवू हा तरुण पुढे आला. रंजित यांचा ‘काला’ हा धारावीवरचा चित्रपट २०१८ साली आला, त्याच्या संगीतात धारावीतल्या ‘डोपडेलिक्स’ या रॅप गटाची मुले होती आणि त्याच चित्रपटात अरिवूचेही गीत होते. म्हणजे हा संबंध दूरचा नाही, आपल्या माहीम-सायनच्या मधला आहे. २०१९ साली अरिवूने ऑफ्रो या संगीतकारासोबत ‘तेरुक्कुरल’ हा स्वतंत्र अल्बम काढला. आणि मार्च २०२१ मध्ये आले ‘एन्जॉय एन्जामी’. अरिवू, गायिका धी आणि संगीतकार संतोष नारायणन यांचे हे गाणे कोट्यवधी लोकांनी पाहिले. त्याचा गाभा काय? अरिवूची आजी वल्लियम्मा. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबायला नेलेल्या आणि नंतर हाकलून पाठवलेल्या भूमिहीन मजुरांची कहाणी.

पुढे काय झाले? ऑगस्ट २०२१ मध्ये एका नामांकित इंग्रजी संगीत मासिकाने या गाण्याच्या यशाचा उल्लेख करीत मुखपृष्ठ छापले, त्यावर अरिवू नव्हता! रंजित यांनी जाहीर जाब विचारला, मोठा गदारोळ झाला, त्यानंतर मासिकाने अरिवूचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ काढले. जुलै २०२२ मध्ये चेन्नईत बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनाला हेच गाणे सादर झाले, तेव्हाही मंचावर अरिवू नव्हता. त्याने समाजमाध्यमावर लिहून आपले दुःख आणि आपला दावा मांडला. संतोष नारायणन आणि धी यांनीही आपापली बाजू मांडली. चाल कोणाची, रचना कोणाची, श्रेय किती कोणाचे, हे सारे गाणे गाजल्यावर दीड वर्षाने जाहीरपणे सुरू झाले. आणि मार्च २०२४ मध्ये खुद्द संतोष नारायणन यांनी जाहीर केले की या गाण्याच्या उत्पन्नातून आपल्याला किंवा सहकलाकारांना लेबलकडून काहीच मिळालेले नाही. कोण खरे, कोण खोटे याचा निवाडा करण्याची ही जागा नाही. परंतु एक गोष्ट उघड आहे. ज्या दिवशी गाणे प्रसिद्ध झाले त्या दिवशी कोणाचे काय, याचा स्वच्छ, सर्वांना मान्य असा कागद असता तर ही वेळ आली नसती.

अरिवूने पुढे ‘अंबासा’ हा स्वतःचा बँड उभा केला आणि २०२४ साली त्या बँडसोबत अल्बम आणला. नाव ठेवले ‘वल्लियम्मा पेरांडी’, म्हणजे वल्लियम्माचा नातू. मुखपृष्ठावरून नाव गळण्याचा प्रश्नच त्याने मिटवून टाकला!

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सर्वसामान्य समज असा की गाणे ही एक वस्तू आहे आणि तिचा एक मालक आहे. कॉपीराइट कायदा १९५७ असे मानत नाही. एका गाण्यात किमान चार हक्क असतात. शब्द लिहिणाऱ्याचा, चाल बांधणाऱ्याचा, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा आणि ध्वनिमुद्रणाचा. यातला चौथा हक्क नीट समजून घ्यावा. ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ कायद्याच्या दृष्टीने गायक नसतो, निर्माता असतो. निर्माता म्हणजे ते मुद्रण करून घेण्याचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली तो. बँडने वर्गणी काढून स्टुडिओ भाड्याने घेतला तर निर्माता बँड. पण एखाद्या ‘दादां’नी प्रेमाने तीस हजार रुपये भरले, पावती त्यांच्या नावाने फाटली, यूट्यूब चॅनलही त्यांचेच, तर निर्माता मीच असे ते उद्या म्हणू शकतात आणि न्यायालयात ते म्हणणे सहज उडवून लावता येणार नाही. म्हणून स्टुडिओच्या पावत्या बँडच्या नावाने घ्या आणि जपून ठेवा. मदत करणाऱ्या दादांचे आभार मंचावर माना, मालकी देऊ नका.

२०१२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी ती हिरीरीने लावून धरली होती. तिच्यामुळे गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क लिहून दिले तरी रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा त्यांचा अधिकार हिरावता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला तो देता येतो, कंपनीला नाही. तसा करार केला तरी तो भाग रद्दबातल ठरतो. गायक-वादकांनाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा आणि नाव लागण्याचा हक्क आहे. हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी नसेल तर त्याला किंमत नाही. आणि कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, क्षेत्र लिहिलेले नसेल तर फक्त भारत.

या पाच वर्षांच्या कलमापाशी मी वाचकांना मुद्दाम थांबवतो. माझ्याकडे शाहिरांची मुले जुने कागद घेऊन येतात. १९९७-९८ चा एखादा स्टॅम्पपेपर किंवा नुसती पावती असते. ‘गाण्यांचे हक्क दिले, रक्कम पोचली’ एवढेच दोन ओळीत. मुदतीचा शब्द नाही. मुलांची समजूत अशी की वडिलांनी सगळे विकून टाकले. अहो, विकलेले नाही! हे कलम १९९५ पासून लागू आहे. त्या कॅसेटचे मूळ मुद्रण कंपनीचे राहील, पण शब्द आणि चाल यांचे हक्क पाच वर्षांनी घरी परत आलेले असतात. बापाला हे कोणी सांगितले नाही, तो गेला तेव्हाही सांगितले नाही. ‘कायमस्वरूपी’ असे लिहून घेतले असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून प्रत्येक कागद वाचूनच मत द्यावे लागते. ज्यांच्या घरात असे कागद पेटीच्या तळाशी पडले आहेत त्यांनी ते आजच बाहेर काढावेत.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. भीमगीत हे समाजाचे, चळवळीचे. त्याला मालकी कसली? हा बाजारू विचार झाला! आक्षेप घेणारे कार्यकर्ते प्रामाणिक असतात हे मान्य करून सांगतो की ते चुकतात. ज्याला आपले गाणे समाजाला अर्पण करायचे आहे त्याने जरूर करावे. हक्क सोडून देण्याची सोय कायद्याच्या कलम २१ मध्येच आहे, जाहीर नोटीस देऊन ते करता येते. पण वामनदादा कर्डकांसारखा माणूस आयुष्यभर गावोगाव गात फिरतो, हजारो गीते लिहितो आणि त्याचीच गाणी मुखडा बदलून, शेवटच्या कडव्यातले नाव काढून कोणी तिसराच आपल्या नावाने वाजवतो, याला अर्पण म्हणायचे काय? वामनदादांचे निधन २००४ साली झाले. त्यांच्या गीतांचा हक्क २०६४ अखेरपर्यंत कायद्याने जिवंत आहे. वस्तीतल्या हौशी मंडळाने विनातिकीट कार्यक्रमात ते गाणे म्हटले तर कायदा आड येत नाही. अल्बममध्ये घालून विकायचे तर वारसांची किंवा हक्कधारकाची परवानगी हवी. आपला हक्क मागणाऱ्या बँडने दुसऱ्याचा हक्कही पाळला पाहिजे. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या स्वतःच्या लेखनाची मुदत मात्र २०१६ अखेर संपली. त्यातल्या ओळींना कोणीही चाल लावू शकतो.

आणि आजीच्या ओवीचे काय? जात्यावर बसून बायांनी भीमाच्या ओव्या गायिल्या, त्यांना कर्ता नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीने मालकही नाही. वल्लियम्माच्या दुःखाला जसा कॉपीराइट नाही तसाच यांनाही नाही. कायद्याची ही उणीव आहे. ती भरून निघेपर्यंत बँडने एवढे तरी करावे, की जिच्याकडून ओवी ऐकली तिचे नाव आणि गाव तिच्या संमतीने अल्बमवर छापावे.

राहता राहिली चळवळीची जबाबदारी. जयंती मंडळे डीजेचे बिल आगाऊ भरतात, मंडपवाल्याचे पैसे बुडवत नाहीत. कलावंताला मात्र ‘समाजाचे काम आहे, समजून घ्या’ असे सांगून पाकीट पातळ करतात. गाणाऱ्या मुलीला तर पाकीटही नसते, शाल आणि नारळ मिळतो! असे वागणाऱ्यांनी कंपन्यांना शोषक म्हणण्याचा अधिकार गमावलेला असतो. कलावंत रोख व्यवहाराचे बोलला की त्याला पैशाचा लोभी ठरवणारे आपणच आहोत.

तेव्हा अल्बमच्या तयारीत असलेल्या मुलांनी प्रकाशनाची तारीख ठरवण्याआधी एक बैठक घ्यावी. प्रत्येक गाण्यासमोर शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोण गायले, कोणी काय वाजवले हे लिहावे. उत्पन्नाचे वाटे आकड्यांत लिहावेत. चॅनलचा पासवर्ड कोणाकडे, एखादा बँड सोडून गेला तर त्याच्या गाण्याचे काय, बँडचे नाव कोणाकडे राहणार, हेही लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. नावाचा ट्रेडमार्क नोंदवता येतो. इंटरनेटवरून उतरवलेली ‘फुकट’ बीट वापरली असेल तर तिच्या अटी वाचाव्यात. बऱ्याचदा ती फक्त सरावापुरती फुकट असते आणि गाणे कमाई करू लागले की दावा ठोकला जातो. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून उपयोगी पडते. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हावे, २०१७ पासून ती पुन्हा नोंदणीकृत कॉपीराइट संस्था आहे.

प्रकाशन सोहळ्याबद्दल आयोजकांना एकच विनंती. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, खास सवलतीचे मोजके दिवस सोडले तर. आपल्याकडे सात वाजताचा कार्यक्रम आठला सुरू होतो, मान्यवरांचे सत्कार आणि भाषणे साडेनऊपर्यंत चालतात आणि ज्यांचा अल्बम आहे त्यांच्या वाट्याला तीन गाणी येतात, तीही पोलिसांकडे बघत. यंदा बँडला आधी वाजवू द्या. मान्यवरांनी दहानंतर माईकशिवाय बोलावे.