ग्राफिक्स कार्डाला नवस

गेम अडकतोय म्हटलं की उत्तर तयार असतं: "ग्राफिक्स कार्ड बदल." यूट्यूबवाला हेच सांगतो, दुकानदार हेच सांगतो, डिस्कॉर्डवरचा अनोळखी पोरगाही हेच सांगतो. कोणता गेम, कुठलं रिझोल्यूशन, डब्यात आधीपासून काय बसवलंय, हे कुणी विचारत नाही. डॉक्टरने नाडी न बघता ऑपरेशनची तारीख दिली तर आपण उठून घरी येऊ. इथे मात्र आपण निमूटपणे ईएमआय किती बसेल ते विचारतो.

ज्याच्याकडे पैसा आहे, त्याचं यात फार बिघडत नाही. एक पार्ट चुकला, दुसरा घेईल. पण बाबांच्या बोनसमधून, नाहीतर पहिल्या चार पगारांतून साठवलेले पंचवीस-तीस हजार एकदाच खर्च करणाऱ्या मुलासाठी हा सल्ला क्रूर आहे. आणि सल्ला देणारे नेमके त्याच्याशीच बोलत असतात.

मुळात 'स्मूथ' म्हणजे काय, इथेच घोळ आहे. आपण एफपीएसचा आकडा बघतो, म्हणजे एका सेकंदात किती फ्रेम आल्या त्याची सरासरी. समजा, स्टॉपवर तासाला सहा बस येतात. पण सहाही एकामागोमाग आल्या आणि पुढे पाऊण तास काहीच नाही, तर कागदावर दर दहा मिनिटांनी बस आहे आणि तुम्ही उन्हात उभे आहात. गेमचंही तसंच. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. आता ५९ फ्रेम दहा-दहा मिलिसेकंदांत आल्या आणि साठावीने एकटीने ४१० घेतले, तरी कोपऱ्यातला आकडा ६०च दाखवणार. त्या ४१० मिलिसेकंदांत तुम्ही मेलेले असता.

'द टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसनने २०११मध्ये सरासरी बाजूला ठेवून एकेका फ्रेमचा वेळ मोजून दाखवला. आज बऱ्या रिव्ह्यूमध्ये '१ टक्का लो' नावाचा आकडा असतो, तो त्याच विचारातून रुजला. इतकी वर्षं झाली, तरी आपले सल्लागार अजून सरासरीवरच माल विकतात.

फ्रेम दोघं मिळून बनवतात. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, याचा हिशेब प्रोसेसर करतो. मग तो ग्राफिक्स कार्डाला सांगतो, आता हे रंगव. दोघांतला जो मागे पडेल, तो वेग ठरवतो. व्हॅलोरंटमध्ये रंगकाम हलकं असतं, त्यामुळे वरच्या एफपीएसला बहुधा प्रोसेसरच दमतो. सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंग लावून चालवा, कार्डाला घाम फुटतो. मशीन तेच, गुन्हेगार वेगळा. म्हणूनच प्रोसेसर आणि कार्डाची नावं टाकली की 'बॉटलनेक अमुक टक्के' सांगणारी ती कॅल्क्युलेटरं मला कुडमुड्या जोशासारखी वाटतात. गेम न विचारता टक्का सांगणार कसा?

खरी तपासणी फुकट आहे. तुमचाच गेम उघडा, रिझोल्यूशन ७२०पीवर आणा. एफपीएस चांगले वाढले तर कार्ड कमी पडत होतं. हललेच नाहीत तर (आणि गेममध्ये एफपीएसला मर्यादा लावलेली नसेल तर) कार्ड बिचारं रिकामं बसलं होतं, अडत होतं दुसरीकडे. एमएसआय आफ्टरबर्नर टाकून खेळताना कार्डाचा वापर बघितला तर आणखी स्पष्ट दिसतं. पाच मिनिटांचं काम. ते कुणी सांगत नाही, कारण त्यात कमिशन नाही.

माझा मावसभाऊ कराडला असतो. त्याचा पीसी रायझन ५ ५६००जीचा, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच. "दादा, दुकानदार म्हणतोय कार्ड टाकल्याशिवाय व्हॅलोरंट नीट चालणार नाही." मी त्याला टास्क मॅनेजर उघडून मेमरीवर जायला सांगितलं. दोनपैकी एकच स्लॉट भरलेला. ८ जीबीची एकच कांडी. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच जगतं. आणि डीडीआर४-३२०० रॅमची एक कांडी सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते, जोडी दिली तर ५१.२. म्हणजे अर्धा रस्ता बंद ठेवून वर नवी गाडी विकायची. बरं, ती कांडीही २६६६वर चालत होती, कारण बायोसमध्ये एक्सएमपी कुणी चालूच केलं नव्हतं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, विंडोजमध्ये सेटिंग ६०चं. एक जुनी डीडीआर४ कांडी आणि दोन सेटिंगं, एवढ्यावर त्याचा खेळ सुधारला.

आता कुणी म्हणेल, रॅम कुठे स्वस्त राहिली? खरं आहे. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि भाव असे चढले की कांडी घेतानाही विचार करावा लागतो. पण मग मोजण्याची गरज वाढली की कमी झाली?

आणि हो, काही वेळा कार्डच लागतं. १४४०पीवर नवे गेम सगळं अल्ट्रावर ठेवून खेळायचे असतील तर रॅमची कांडी काय करणार! पण तिथेही 'कार्ड घे' हा अपुरा सल्ला आहे. जानेवारी २०२२मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी घ्या. त्याला पीसीआयईच्या चारच लेन. जुन्या ३.० पिढीच्या बोर्डावर, म्हणजे स्वस्त कार्ड शोधणाऱ्याकडे जे असतं तिथेच, ते कित्येक गेममध्ये बरंच मागे पडतं. उलट त्याच एप्रिलमध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी, ९६ एमबी एल३ कॅशचा, योग्य बायोस टाकला की जुन्या एएम४ बोर्डांवर बसला आणि अनेकांचं मशीन पुढची काही वर्षं जगलं. तो सल्ला रीलमध्ये मावत नाही, कारण त्याआधी 'तुझा बोर्ड कोणता?' विचारावं लागतं.

शिवाय काही अडखळणं कुठल्याच पार्टने जात नाही. २०२२मध्ये एल्डन रिंग आला तेव्हा महागड्या पीसीवरही झटके देत होता, आणि व्हॉल्व्हने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती केल्यावर त्यामानाने किरकोळ ताकदीच्या स्टीम डेकवर जास्त सलग चालला. कॅलिस्टो प्रोटोकॉलचंही पीसीवर पहिल्या दिवशी हेच: शेडर खेळताखेळता तयार होत होते, प्रत्येक नव्या स्फोटाला धक्का. दोष गेमचा, आणि पोरं आपल्या मशीनला नावं ठेवत कार्डांचे भाव बघत होती. असा गेम पदरात पडला तर स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. मागा.