जॉबकार्डवर मर्ज लिहा, दवा नको

गाडी एका बाजूला ओढू लागली की आपण डीलरच्या सर्व्हिस सेंटरला जातो आणि सांगतो, "व्हील अलाइनमेंट करून द्या." काउंटरवरचा मुलगा जॉबकार्डवर तेवढेच लिहितो. संध्याकाळी बिल हातात पडते आणि घरी येताना गाडी पुन्हा ओढते. जाब विचारायला गेलो तर उत्तर तयार असते, "सर, तुम्ही अलाइनमेंट सांगितली, ती केली." ते खोटेही नसते.

डॉक्टरकडे जाऊन आपण औषधाचे नाव सांगत नाही, काय होतेय ते सांगतो. मर्ज आपण सांगायचा, दवा त्याने शोधायची. गाडीच्या बाबतीत मात्र आपणच दवा लिहून देतो आणि डीलरची जबाबदारी तिथेच संपवून टाकतो.

माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या गाडीचे असेच झाले. तीनदा अलाइनमेंट, तिन्ही वेळा संगणकाच्या कागदावर सगळे आकडे हिरवे. पण उभ्या गाडीवर घेतलेले माप आणि धावती गाडी यांत फरक असतो. लोअर आर्मचे रबरी बुश सैल झाले असेल तर मशीनवर माप बरोबर दिसते आणि ब्रेक मारताच चाक जागेवरून हलते. चौथ्या वेळी आम्ही दोघांनी बसून जॉबकार्डवर मराठीत लिहिले: 'सपाट रस्त्यावर 60 च्या वेगाला गाडी उजवीकडे जाते, ब्रेक लावल्यावर जास्त. पुढच्या उजव्या टायरची आतली कड झिजली आहे.' त्या दिवशी पहिल्यांदा मेकॅनिक सोबत बसून गाडी चालवायला आला.

'उजवीकडे' हा शब्द महत्त्वाचा होता. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. आपण डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे गाडी थोडी डावीकडे झुकली तर दोष रस्त्याचा असू शकतो. उजवीकडे ओढणाऱ्या गाडीला ही सबब चालत नाही. तसेच, 80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी चाकांचे बॅलन्सिंग बघायला हवे, अलाइनमेंट नव्हे. गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वाकडे राहते, ही आणखी वेगळी तक्रार. पुढची दोन चाके आपसांत बदलल्यावर ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर बहुधा टायरच दोषी. आणि हो, हवा आधी तपासा, फुकटात होते.

आमच्या मोहल्ल्यातला गॅरेजवाला उस्ताद पहिला प्रश्न विचारतो, "गाडी करतेय काय?" डीलरकडे विचारतात, "काय करायचंय?" तिथे ऐकणारा एक, दुरुस्त करणारा दुसरा, मधे फक्त तो कागद. वॉरंटीमुळे डीलरकडे जावे तर लागतेच. मग कागद आपणच नीट भरून घ्यावा, अलाइनमेंटच्या आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे छापून मागावेत, तक्रार मिटल्याशिवाय समाधानाच्या रकान्यात सही करू नये. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आहे, आणि तिथेही हेच कागद कामाला येतात.

सहकाऱ्याचे बुश बदलले, ओढ गेली. आधीच्या तीन अलाइनमेंटचे पैसे मात्र परत मिळालेले नाहीत. पहिल्या तिन्ही जॉबकार्डांवर 'ओढते' हा शब्दच नाही.