प्रीसेट गातोय, आपण नाही

आपल्या पोरांची गाणी ऐकली की हल्ली माझं डोकं फिरतं. गाण्यांमुळे नाही, त्यांच्यावर थापलेल्या रंगामुळे. दहा बाय दहाची खोली, उधारीचा लॅपटॉप, स्वस्तातला माईक. शब्द असे की ऐकणाऱ्याची झोप उडावी. आणि ऐकायला बसावं तर पोरगा विहिरीत पडून बोंबलतोय असं वाटतं. शब्द एक कळत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'इफेक्ट टाकलाय ना भाऊ.' कुठला? 'ते व्होकलचं प्रीसेट असतं, ते.'

दोस्तांनो, प्रीसेट म्हणजे काय? कुणीतरी दुसऱ्यानं, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या गळ्यासाठी लावून ठेवलेले आकडे. त्या माणसानं तुझा आवाज ऐकलेला नाही. तुझ्या खोलीतला पंखा, शेजारून जाणारी लोकल, पत्र्यावरचा पाऊस त्याला ठाऊक नाही. तरी तुझ्या गळ्यावर त्याचा हात. हे मला मंजूर नाही.

मी गोदीत माल उचलतो, कविता लिहितो, त्या हलगीवर रेकॉर्ड करतो. शाळा दहावीपर्यंत. पण हुकाला किती वजन लटकलंय हे बघितल्याशिवाय वर घ्यायचा इशारा द्यायचा नाही, एवढं गोदीनं शिकवलंय. नॉबचंही तेच.

उलट्या बाजूला 'अस्सल'वाले बसलेत. म्हणे, आपला आवाज कच्चाच पाहिजे, इफेक्ट म्हणजे भेसळ. बकवास! १९४७ साली शिकागोत बिल पुटनमनं स्टुडिओच्या बाथरूममध्ये आवाज सोडून, तो परत माईकनं उचलून गाण्याला घुमारा दिला. १९५७ साली जर्मनीच्या ईएमटी कंपनीनं पोलादी पत्रा टांगून तेच काम केलं. १९७६ साली त्याच कंपनीनं डिजिटल रिव्हर्बचं यंत्र काढलं. हे सगळं बड्या स्टुडिओंच्या कुलपात. आज तसलं काम फुकटच्या ऑडॅसिटीत होतं. कुलूप तुटलं, आणि आता हे सांगतात हात लावू नका! कच्चं ठेवा म्हणजे आपण कायम कच्चेच.

तेव्हा सवाल अस्सल-नकलीचा नाही. सवाल एवढाच की नॉब कुणाच्या हातात.

रिव्हर्ब घ्या. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फुटांवरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला १८ मिलिसेकंद लागतात. या परतीच्या आवाजांवरून कान जागेचा अंदाज घेतो. रिव्हर्ब म्हणजे नसलेली जागा बांधणं. डिके म्हणजे घुमारा किती वेळ रेंगाळणार. वेट म्हणजे तो किती मिसळणार. आणि प्री-डिले म्हणजे मूळ आवाजानंतर किती वेळानं घुमारा सुरू होणार. गाणं जलद आणि डिके तीन सेकंद, तर पहिल्या शब्दाची शेपटी पुढच्या चार शब्दांवर बसते. डिके एक सेकंदाच्या आसपास आणा, प्री-डिले ४० मिलिसेकंद द्या, वेट कमी करा. शब्द पुढे येऊन उभा राहतो, जागा मागे राहते.

एका स्टुडिओत तासाचे पैसे मोजून मी कविता रेकॉर्ड केली. तिथल्या माणसानं तिच्यावर असा हॉल चढवला की शिवीसुद्धा आरतीसारखी ऐकू यायला लागली. मी म्हटलं, वेट कमी कर, प्री-डिले वाढव. तो बघतच राहिला. गोदीवाला आणि प्री-डिले! मग म्हणाला, 'मार्केटमध्ये हेच चालतं.' पण केलं त्यानं. मी नुसतं 'कसंतरी वाटतंय' म्हटलं असतं तर हसून घालवलं असतं. नॉबचं नाव माहीत असलं की समोरच्याला ऐकावं लागतं.

आता कंप्रेसर. हा मोठ्या आवाजाला दाबतो. थ्रेशोल्ड म्हणजे कुठून दाबायचं, रेशो म्हणजे किती. ४:१ म्हणजे मर्यादेच्या वर ८ डेसिबल गेलं तर २ बाहेर पडणार. अटॅक म्हणजे किती लवकर दाबायचं, आणि इथंच आपली हलगी मरते. अटॅक १ मिलिसेकंद ठेवला की काठीचा पहिला तडाखाच दाबला जातो, हलगीचा पुठ्ठा होतो. ३० ठेवा, तडाखा निसटून जातो, मागची गुंज दाबली जाते. दाबून झाल्यावर मेकअप गेननं सगळंच उचललं जातं, पंखासुद्धा. म्हणून आधी पंखा बंद करा, मागे गोधडी टांगा. खोलीचा दोष कुठल्याच इफेक्टनं नीट धुतला जात नाही.

ऑटो-ट्यून १९९७ साली अँडी हिल्डेब्रँडनं काढलं. हा माणूस त्याआधी ध्वनिलहरींवरून जमिनीखालचं तेल शोधायच्या कामात होता. ऑटो-ट्यून सुराला ओढून जवळच्या ठरलेल्या स्वरावर बसवतं. रिट्यून स्पीड शून्यावर नेला की यंत्रासारखा आवाज. १९९८ साली शेरच्या 'बिलीव्ह'मधून तो जगभर गेला. हवा असेल तर खुशाल वापरा. पण आजीच्या ओवीतला हेल दोन स्वरांच्या मधल्या जागेत राहतो. शून्यावर टाकला की त्या उताराच्या पायऱ्या होतात. हेल ठेवायचा असेल तर स्पीड मंद करा, नाहीतर तेवढी ओळ ऑटो-ट्यूनशिवाय सोडा.

आणखी एक फसवणूक. कानाला जे मोठं तेच चांगलं वाटतं. बऱ्याच इफेक्टनी आवाज थोडा वाढतो आणि आपण म्हणतो, वा! म्हणून इफेक्ट चालू आणि बंद, दोन्हीची पातळी सारखी करा, मग ऐका. फरक पडत नसेल तर काढून टाका.

रेकॉर्ड सुकंच करा. घुमारा नंतर चढवता येतो, एकदा मुरवलेला नीट काढता येत नाही. पातळी शून्याच्या बरीच खाली ठेवा. शून्यावर जाऊन फाटलेला आवाज शिवता येत नाही.

एका रात्री एकच नॉब घ्या. पार टोकापर्यंत फिरवा, पार खाली आणा, मग आपल्या शब्दाला लागेल तिथं थांबवा. शब्द ऐकू आला पाहिजे, बाकी सगळं त्याच्या चाकरीला. आणि ज्याला एक नॉब कळला त्यानं तो शेजारच्या पोराला दाखवावा. पैसे घेऊ नयेत. चहा घ्यावा.