डावरा हात

"भाऊ, पोरगा डाव्या हातानं लिवतो. उद्या आयटीआयला घातला तर त्याला ड्रॉइंग जमंल का?" केळशीच्या एका माउलीचा हा प्रश्न. तिच्या शेजारणीचे म्हणणे उलटेच, की डावरी पोरे जन्मताच कारागीर असतात! आम्हाला दोन्ही पटत नाही.

वस्तू मनात फिरवून पाहणे, कागदावरच्या रेघांवरून भाग कसा दिसेल हे ओळखणे, यावर जगभर पुष्कळ चाचण्या झाल्या आहेत. २०१५ साली असे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांत दोन लाखांवर माणसे होती. उजव्या हाताची माणसे सरासरीने किंचित पुढे निघाली खरी, पण फरक इतका बारीक की त्यावरून एका पोराविषयी काहीच सांगता येत नाही. भाषेत तर फरकच दिसला नाही. आणि ही जाण सरावाने वाढते, हात कोणताही असो.

शंभरात साधारण दहा माणसे डावरी असतात. पण आपल्या भाषेनेच त्या हाताला खाली बसवले आहे. 'डावे-उजवे करणे' म्हणतो, 'डावलणे' म्हणतो. डावलणे म्हणजे काय, हे आपल्या वस्तीला कोणी शिकवायला नको. तरीही आपल्याच घरात जेवताना, लिहिताना पोराच्या डाव्या हातावर चापट बसते!

पाळवणकर बाळू चर्मकार समाजातले, डाव्या हाताचे फिरकी गोलंदाज. पुण्यात त्यांना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. फलंदाजाची नजर उजव्या हाताच्या चेंडूला सरावलेली. डाव्या हाताचा चेंडू निराळ्या कोनातून येतो, म्हणून अंदाज चुकतो. यात जन्मजात जादू नाही, विरळपणाचा फायदा आहे. बाकी सारी मेहनत.

तेव्हा माउली, हात बदलू नका. वहीचे वरचे टोक थोडे उजवीकडे कलवा, दिवा उजव्या बाजूला ठेवा. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, म्हणून ओल्या शाईवर हात फिरतो; शिसपेन बरी. बाकावर डाव्या टोकाला बसवा, कोपर लागणार नाही. गुरुजींनी हात बदलायचा हट्ट धरला, तर शाळेत जाऊन स्वतः बोला. आणि ड्रॉइंगसाठी घरची आगपेटी पुढे ठेवून तिन्ही बाजूंनी काढायला सांगा, रोज एक.