जुन्या मैदानांची आठवण

स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं कॅथकिन पार्क नांवाचें एक उद्यान आहे. तेथें फिरावयास जाणाऱ्यास झाडांच्या गर्दींतून तीन बाजूंनीं जुन्या पायऱ्या दिसतात व मधोमध हिरवळ पसरलेली दिसते. एके काळीं हें ‘थर्ड लॅनार्क’ या फुटबॉल संघाचें मैदान होतें. १८७२ सालीं स्वयंसैनिकांच्या पलटणींतून निघालेल्या या संघानें १९०४ सालीं स्कॉटलंडच्या साखळी स्पर्धेचें अजिंक्यपद मिळविलें. १९६०-६१ च्या हंगामांत त्यानें त्याच स्पर्धेंत १०० गोल केले. आणि पुढें अवघ्या सहा वर्षांत, १९६७ सालीं, दिवाळें निघून तो कायमचा मोडला. संघ गेला, परंतु प्रेक्षक ज्यांवर उभे राहत त्या पायऱ्या राहिल्या. आणि त्या पायऱ्यांपाशीं संघाचें नांवही राहिलें.

परक्या देशांतील मोडलेल्या संघाची ही कथा मराठवाड्यांतील घरांत कशाला, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण हा खेळ आपल्या देशांत आला तो बव्हंशीं पलटणींबरोबर, आणि त्यांत स्कॉटिश पलटणी आघाडीवर होत्या. १८८८ सालीं सिमल्याच्या परिसरांत ड्युरँड चषकाची पहिली स्पर्धा झाली, तेव्हां अंतिम सामन्याचे दोन्ही संघ स्कॉटिशच होते. रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्सनीं हायलंड लाइट इन्फंट्रीवर २ विरुद्ध १ असा विजय मिळविला. तीन वर्षांनीं, १८९१ सालीं, मुंबईस रोव्हर्स चषक सुरू झाला. तोही पुष्कळ वर्षें गोऱ्या पलटणींच्या हातींच फिरत होता. १९२३ सालीं कलकत्त्याचा मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, पण हरला. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें मात्र चषक जिंकून दाखविला.

यानंतरची हकीगत आपल्या अंगणाशीं येऊन भिडते. १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पांच वर्षें रोव्हर्स चषक एकाच संघानें जिंकला, तो म्हणजे हैदराबाद सिटी पोलिस. त्या पांचही वर्षीं आपलें औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, हैदराबाद राज्यांतच होतें. मराठवाडा त्या राज्यांतून निघून मुंबई राज्यांत आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजीं. म्हणजे मुंबईच्या कूपरेज मैदानावर गाजलेला तो संघ कायद्यानें पाहतां आपल्याच राज्याचा होता!

त्या संघाचे गुरु सय्यद अब्दुल रहीम हे पेशानें शिक्षक. एकट्यानें चेंडू घोळवीत नेऊन टाळ्या मिळविण्यापेक्षां तो झटपट सोबत्याकडे सरकवावा, आणि उजवा व डावा दोन्ही पाय सारखेच तयार असावेत, ही त्यांची शिकवण. यांत एक गंमत आहे. एकमेकांकडे चेंडू देत खेळण्याची ही रीत प्रथम नांवारूपास आणिली ती स्कॉटलंडच्याच क्वीन्स पार्क संघानें. ३० नोव्हेंबर १८७२ रोजीं ग्लासगो येथें इंग्लंड व स्कॉटलंड यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हां स्कॉटलंडचे अकराही गडी त्याच संघाचे होते. सामना गोलाविना बरोबरींत सुटला. पण अंगानें थोराड प्रतिपक्षास परस्परांच्या साहाय्यानें थोपवितां येतें, हें तेव्हां दिसून आलें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें तत्त्व निराळें समजावून सांगावयास नको!

रहीम यांच्या हाताखालीं भारतीय संघानें १९५१ सालीं दिल्लीस व १९६२ सालीं जाकार्ता येथें आशियाई सुवर्णपदक मिळविलें. १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्यें तो चौथा आला. त्या संघांत नूर महंमद, अझिझुद्दीन यांच्यासारखे हैदराबादचे अनेक खेळाडू होते, आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा मुंबईचे होते.

मग एवढी कीर्ति आपल्या घरांतून कशी पुसली गेली? मला वाटतें, तिला हक्काचें घरच उरलें नाहीं. महाराष्ट्रानें तिला हैदराबादची म्हणून सोडून दिलें. हैदराबादनें मराठवाड्याचा त्यांत कांहीं वांटा आहे असें मानण्याचें कारण नव्हतें. आणि आपल्या लोकांच्या मनांत ‘हैदराबाद’ आणि ‘पोलिस’ या दोन शब्दांभोंवतीं १७ सप्टेंबर १९४८ पूर्वींच्या रझाकारी काळाची दुःखें इतकीं ताजीं होतीं कीं, त्या नांवाच्या संघाचा जयजयकार करणें अनेकांस जड गेलें असेल. तें दुःख खरें होतें, आणि तें कोणीं विसरावें असें मी म्हणत नाहीं. परंतु इतिहासाच्या वहींत दुःखाच्या पानाशेजारीं आनंदाचें पान राहूं शकतें; एकासाठीं दुसरें फाडावें लागत नाहीं.

१९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत उच्च शिक्षणाकरितां आपल्याकडील पुष्कळ तरुण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठांत जात. कांहीं मुंबई-पुण्याची वाट धरीत. त्यांपैकीं कित्येकांनीं हे सामने डोळ्यांनीं पाहिले असतील. आतां ते नव्वदीच्या घरांत आहेत. बहुतेक तर गेलेच. रोव्हर्स चषकाची स्पर्धाही २०००-०१ नंतर बंद पडली. ग्लासगोकरांजवळ निदान पायऱ्या तरी आहेत. आपल्या पायऱ्या म्हणजे हीं वडील माणसें, आणि तीं दरवर्षीं कमी होत आहेत.

म्हणून घरोघरच्या मुलांस व सुनांस एक विनंती आहे. सायंकाळीं दिवेलागणीनंतर आजोबा किंवा थोरले काका निवांत बसले असतां त्यांस राजकारण न विचारतां एकदां खेळ विचारा. आमखास मैदानावर त्यांच्या वेळीं कोण खेळत असे, पायांत बूट असत कीं नसत, पाऊस आला तर सामना थांबे कीं नाहीं, हैदराबादेस वसतिगृहांतून मॅच पाहावयास कसें जात, हें सारें विचारा. सांगतील तें त्यांच्याच शब्दांत वहींत उतरवून घ्या, आणि साल व ठिकाण अवश्य लिहा. आजी बसल्या असतील तर त्यांनाही विचारा. चिखलानें माखलेले सदरे कोणी धुतले, हा इतिहास त्यांच्याचपाशीं असतो.