परसदारी तळे करावयाचे झाल्यास

पिंपरी पेंढारच्या एका भगिनीने विचारले आहे की, घरामागे मोकळी जागा आहे, तेथे कमळाचे लहानसे तळे करावे अशी मनात फार दिवसांची हौस आहे. पण मामंजी म्हणतात, "प्यायला पाणी पुरेना आणि हिला तळं हवंय." तर दोघांपैकी बरोबर कोण, हे तुम्हीच सांगा.

सासरे-सुनेच्या वादात पडू नये एवढे शहाणपण नोकरीतल्या इतक्या वर्षांनी आले आहे. परंतु प्रश्न पाण्याचा आहे आणि पाण्याचा हिशेब मांडता येतो. तो मांडला की वाद पुष्कळसा आपोआप मिटतो, असा अनुभव आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. तळे म्हटले की आपल्याकडे आता शेततळेच डोळ्यांसमोर येते. २०१६ साली शासनाने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना काढली, त्यातील सर्वांत लहान तळेसुद्धा १५ मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल होते. आपण बोलत आहोत ते दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि मध्ये दोन फूट खोल अशा परसातल्या तळ्याबद्दल. याला अनुदान नाही, त्यामुळे कागदपत्रेही नाहीत.

एवढ्या तळ्यात, कडेचा उतार आणि पायरी वजा जाता, सुमारे अडीच हजार लिटर पाणी मावते. आकडा मोठा वाटतो, पण हे पाणी विहिरीतून काढावे लागत नाही. घरावर पाचशे चौरस फूट पत्रा असेल तर दहा मिलिमीटरच्या एका पावसात त्यावरून चारशे लिटरच्या आसपास पाणी पन्हळीतून हाती लागते. अशा सहा-सात सरींत तळे भरले. जुन्नर तालुक्यात घाटाकडे पाऊस धो धो आणि पूर्वेकडे सरकावे तसा उणावत जातो हे खरे, तरी पिंपरी पेंढारला पावसाळाभरात सहा-सात चांगल्या सरी येतातच. पहिल्या पावसाचे पाणी मात्र सोडून द्यावे. पत्र्यावरची धूळ, पाखरांची विष्ठा आणि पालापाचोळा त्याबरोबर वाहून येतो.

तेव्हा तळे भरणे हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे ते भरलेले ठेवण्याचा, आणि मामंजींचे म्हणणे येथे विचारात घ्यावे लागते. थंडीच्या दिवसांत उघड्या पाण्यातून रोज साधारण चार मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते. चैत्र-वैशाखात ते सात मिलिमीटर, वारा सुटला तर त्याहून अधिक. आपल्या तळ्यापुरते बोलायचे तर हिवाळ्यात रोज दीड हंडा आणि उन्हाळ्यात रोज तीन हंडे पाणी आकाशाला द्यावे लागते. दिवाळीला काठोकाठ भरलेले तळे वरून पाणी न घातल्यास फाल्गुनाच्या आगेमागे कोरडे पडणार.

आता हे तीन हंडे कोणाच्या डोक्यावर येणार, हे आधी ठरवावे. विहिरीला मेपर्यंत पाणी आहे, मोटार आहे, ठिबकची एक नळी तळ्यापर्यंत आणता येते, तर तीन हंड्यांचे काहीच नाही. एखाद्या आंब्याच्या झाडालाही तेवढे लागते. पण घरातील बाईला किंवा शाळकरी मुलीला ते हापशावरून वाहून आणावे लागणार असतील, किंवा तुमच्या वस्तीला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागत असेल, तर सरळ निम्मे तळे करावे, नाहीतर ते सहामाही ठेवावे. सहामाही म्हणजे आषाढात भरायचे आणि फाल्गुनात आटू द्यायचे. कमळ टोपलीत किंवा कुंडीत लावलेले असले की ती कुंडी उचलून सावलीत ओली ठेवता येते आणि मासे पिंपात काढता येतात. माझे मत विचाराल तर पिंपळगाव जोगेच्या कालव्याचे आवर्तन ज्यांच्या विहिरींना पोचते त्यांनी बारमाही करावे, माळावरच्यांनी सहामाही. नळपाणी योजनेचे पाणी यात कोणीही ओतू नये. न्हाणीचे किंवा धुण्याचे साबणाचे पाणीही नको. त्याची जागा केळीच्या आळ्यात.

आपल्या भागात पाणी साठवणे ही काही नवी विद्या नव्हे. नाणेघाटात, शिवनेरीवर कातळात खोदलेली टाकी आपण सहलीला जाऊन पाहतो. जुन्नरच्या लेण्यांतील प्राकृत शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटले आहे, आणि इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दान दिल्याचा लेख तेथे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडचे नाव सांगणारा माणूस जुन्नरला येऊन पाण्याची टाकी देतो, याचे मला नेहमी नवल वाटते. ती टाकी टिकली कारण कातळ अभंग आहे. आपल्याला मात्र मातीशी गाठ आहे, म्हणून जागेकडे वळू.

जागा घराच्या पायापासून निदान दहा-पंधरा फूट दूर असावी. मातीच्या भिंतीचे घर असेल तर आणखी लांब. शोषखड्डा, उकिरडा व गोठ्याचे मूत्र वाहते ती बाजू टाळावी. शेतातून खताचे किंवा फवारणीचे पाणी वाहत येईल अशी सखल जागाही नको. कडुनिंब, चिंच यांच्याखाली तळे केल्यास पाने पडून पाणी कुजते. मात्र दिवसाला पाच-सहा तास ऊन हवेच, त्याशिवाय कमळ फुलत नाही. आणि तळे स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसले पाहिजे. याचे कारण पुढे येईल.

जागा ठरल्यावर हातभर खोल खड्डा काढून संध्याकाळी पाण्याने भरावा. ते पाणी माती पिऊन टाकील, तिकडे लक्ष देऊ नये. सकाळी पुन्हा भरून खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे. बोटभर उतरले तर चिकणमाती तुडवून काम भागेल. त्याहून जास्त उतरले, आणि मुरमाड जमिनीत ते उतरणारच, तर अस्तर पाहिजे.

अस्तराचे दोन मार्ग. विटा-सिमेंटचे टाके बांधणे हा पहिला. काळ्या जमिनीत मला तो पसंत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्याबरोबर टाक्याला तडे जातात. करायचेच तर खालची काळी माती फूट-दीड फूट काढून तेथे मुरूम भरून चोपावा व मगच बांधकाम करावे. सिमेंटवर तीन आठवडे पाणी मारावे, आणि नंतर टाके भरून आठवड्याने रिकामे करावे, असे तीन वेळा. नव्या सिमेंटचा खारटपणा पाण्यात उतरतो व मासे तडफडून मरतात. ही तीन वेळची भरणी पुष्कळजण टाळतात आणि मग मासेवाल्याला दोष देतात.

दुसरा मार्ग शेततळ्याच्या कागदाचा, आणि तोच आपल्याला सोपा. ५०० मायक्रॉनचा, भारतीय मानकाची खूण असलेला कागद घ्यावा. माप असे काढावे: लांबीत खोलीची दुप्पट आणि कडेचे दोन फूट मिळवायचे, रुंदीतही तसेच. म्हणजे आपल्या तळ्याला सोळा फूट बाय बारा फूट. ज्यांच्याकडे शेततळ्याचे काम चालू असेल त्यांच्याकडे एवढा तुकडा उरलेला असतो, विचारून पाहावे. खोदाई सरळ उभी न करता उतरती करावी आणि नऊ इंचांवर हातभर रुंदीची पायरी चारी बाजूंनी ठेवावी. खडे, मुळ्या वेचून काढाव्यात, त्यावर दोन इंच चाळलेली माती किंवा वाळू, त्यावर रिकामी पोती, आणि मग कागद. तो ताणू नये, सैल सोडावा. पाणी अर्धे भरल्यावर तो स्वतःच बसतो. मग कडा चरात दाबून वर फरशी किंवा दगड मांडावेत. उघडा राहिलेला कागद उन्हाने कडक होऊन तडकतो. घुशीचे बीळ आसपास असेल तर ते आधी बुजवावे, घूस नवा कागद एका रात्रीत कुरतडते. जनावरांचा खूर लागला तरी तेच. पावसाळ्यात तळे भरून वाहील, तेव्हा एका बाजूला दोन बोटे उतार ठेवून त्या तोंडाशी अळू लावावा. वाया जाणाऱ्या पाण्यावर वडीची पाने चांगली पोसतात.

आता खिडकीचे कारण. रांगते मूल वीतभर पाण्यातही बुडते, आणि बुडताना आवाज करीत नाही. घरात पाच वर्षांखालील मूल असेल, किंवा शेजाऱ्यांचे येत-जात असेल, तर पाण्याच्या पृष्ठभागाच्या वर लोखंडी सळ्यांची घट्ट जाळी बसवावी. कमळाची पाने तिच्यातून वर येतात आणि मुलाचा भार ती पेलते. शिवाय उंच कुंपण आणि बाहेरून लागणारी कडी. हा खर्च करावयाची तयारी नसेल तर मूल मोठे होईपर्यंत तळे करू नये. येथे मी मामंजींच्याही पुढे जाऊन विरोध करीन. आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, ज्यांची मोठी शेततळी आहेत त्यांनी आज जाऊन पाहावे की कुंपण शाबूत आहे का, आणि चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडले आहेत का. ओल्या कागदावर पट्टीच्या पोहणाऱ्याचाही पाय ठरत नाही. दोराचा खर्च तो काय!

दुसरी धास्ती बिबट्याची. २०२४ साली पिंपरी पेंढारच्या शिवारात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा हा विचार वगळून चालणार नाही. पाणी पिण्यास बिबट्या येऊ शकतो, पण वस्तीवर तो मुख्यतः येतो कुत्री, शेळ्या, वासरे यांच्या मागावर, आणि दबा धरायला आडोसा शोधतो. म्हणून तळ्याच्या काठी पाणकणीस, हत्तीगवत असले उंच काही वाढवू नये. ऊस घरालगत असेल तर तळे त्या बाजूला नको. दिवा असावा. आणि पाने काढणे, पाणी घालणे ही वाकून करावयाची कामे उजेडी उरकावीत. खाली वाकलेला माणूस त्या जनावराला माणूस वाटत नाही.

डासांची तक्रार सर्वजण करतात. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो हे खरेच आहे. परंतु डेंग्यूचा डास तळ्यापेक्षा तुमच्या पिंपात, टायरात आणि करवंटीत जास्त सुखी असतो. तळ्यात वीस-पंचवीस गप्पी मासे सोडले की अळ्या शिल्लक राहत नाहीत. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी, गप्पी मासे तेथे पुष्कळदा फुकट मिळतात. मासे वाढले म्हणून ओढ्यात किंवा धरणात मात्र टाकू नयेत, तिकडच्या देशी माशांच्या पोटावर तो पाय पडतो. त्यांना रोज पोळीचे तुकडे घालण्याचीही गरज नाही. उपाशी गप्पीच डास खातो.

पाणी पहिल्या महिन्यात हिरवे होईल. घाबरून ते उपसू नये. ऊन आणि अन्न जास्त झाल्याची ती खूण आहे. कमळ-कुमुदाच्या पानांनी निम्मे पाणी झाकले की ते आपोआप निवळते, आणि वाफही थोडी कमी होते. शेण, खत यात घालू नये. द्राक्षवाले आणि टोमॅटोवाले यांच्या घरी मोरचूद असतोच, त्याची चिमूट टाकून पाणी साफ करण्याचा मोह होतो. त्याने शेवाळ जाते आणि माशांसह जाते. फवारणीचा पंप तर तळ्याच्या आसपास धुऊच नये. जलपर्णी कोणी फुलासाठी दिली तरी नको म्हणावे. ती तळ्यातून ओढ्यात आणि ओढ्यातून धरणात जाते.

पाण्याला बेडूक येतील, चतुर येतील. हे दोन्ही तुमचे बिनपगारी गडी. बेडकामागे कधी विरोळा येतो. तो बिनविषारी आहे, उगाच काठी घेऊन धावू नये. पण दगडांचे ढीग, लाकडे तळ्याजवळ रचू नयेत, कारण तेथे उंदीर राहतो आणि उंदरामागे नाग येतो. कांद्याचे डेंगळे ज्यांच्या शेतात असतात त्यांनी एका कडेला उतरता खडबडीत दगड अर्धा पाण्यात ठेवावा. उन्हाळ्यात मधमाश्या त्यावर बसून पाणी पितात आणि जवळपास टिकून राहतात. बी भरण्याच्या दिवसांत माशी शिवारात असणे किती मोलाचे, हे डेंगळेवाल्यांना सांगायला नको.

राहता राहिले कमळ. खोदाई वैशाखात उरकून मृगाच्या पाण्याने तळे भरावे आणि आषाढात लागवड करावी. कंद मिळाला तर उत्तम. पसरट टोपलीत काळी माती व मूठभर जुने शेणखत तळाशी घालून कंद आडवा ठेवावा, कोंब मातीबाहेर राहू द्यावा आणि वर वाळूचा थर द्यावा म्हणजे माती पाण्यात उठत नाही. टोपली आधी पायरीवर ठेवून पाने वर आली की मध्ये खाली न्यावी. कंद न मिळाल्यास काष्ठौषधीच्या दुकानातून कमळाचे सालासकट काळे बी आणावे. सोललेले पांढरे बी उगवत नाही. बियांचे एक टोक दगडावर घासून आतला पांढरा गर दिसू लागला की थांबावे आणि पेल्यातल्या पाण्यात टाकून रोज पाणी बदलावे. आठवडाभरात कोंब येतो. बियांच्या कमळाला पहिल्या पावसाळ्यात बहुधा नुसती पाने येतात, फुलासाठी पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.