शालींच्या ढिगाखालचे सैनिकघर

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द जोडला गेला, तो सरकारी कागदावरच्या सोयीसाठी नव्हे. पहिल्या महायुद्धात या एकट्या गावचे ४६ जवान कामी आले. गावात त्यांचे स्मारक आहे आणि पुढच्या प्रत्येक पिढीने सैन्याची वाट धरली आहे. या गावाचे कौतुक करणारी भाषणे आजवर पुष्कळ झाली. त्या ४६ घरांतील चुली पुढे कशा पेटल्या, लहान वयात कपाळ पांढरे झालेल्या स्त्रियांनी उरलेले आयुष्य कसे काढले, हा प्रश्न मात्र भाषणांत येत नाही. स्मारकावर नाव लागते ते गेलेल्याचे. मागे राहिलेल्यांसाठी दगड नसतो.

सातारा आणि सांगली यांचा या बाबतीत वेगळा विचार करण्याचे कारण नाही. १९४९ पर्यंत हा बहुतांश मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात होता. माण, खटाव, आटपाडी, जत या पावसाने पाठ फिरवलेल्या तालुक्यांतील तरुण पिढ्यानपिढ्या पलटणीत गेले. त्यामागे पराक्रमाची परंपरा होती आणि कोरडवाहू शेतीची विवंचनाही होती. १९१६ च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियातील कूत-अल-अमारा येथे पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली, तेव्हा तुर्कांच्या हाती पडलेल्या सुमारे तेरा हजार सैनिकांत मराठा पलटणींचे जवानही होते. ज्या साम्राज्यासाठी ते लढले, त्याने त्यांना पदके दिली आणि गावी धाडले. परकीय सत्तेकडून याहून अधिक अपेक्षा कोणी करावी? प्रश्न आहे तो स्वकीय राज्याचा.

वाळवा तालुक्यातील पेठ या गावचे मुरलीकांत पेटकर हे नाव आता चित्रपटामुळे घरोघरी पोहोचले आहे. १९६५ च्या युद्धात ऐन विशीत त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. सैन्यातील हा मुष्टियोद्धा पुन्हा उभा राहणार नव्हता. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर जलतरणात विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. त्यांना तेथवर पोहोचवण्यासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या स्वयंसेवी संस्थेचे साहाय्य झाले होते, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. पुढे काय झाले? पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे तब्बल ४६ वर्षांनी. अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर. मधल्या काळात सरकारे आली आणि गेली, सर्व रंगांची. सुवर्णपदक मिळवणाऱ्याची दखल घ्यायला देशाला जवळजवळ अर्धशतक लागत असेल, तर त्याच युद्धातून पाय गमावून परतलेल्या आणि कोणतेही पदक न मिळवलेल्या जवानाची दखल कोणी घेतली असेल?

येथे एक तर्क हमखास पुढे केला जातो : सैनिकाला निवृत्तिवेतन आहे, कॅन्टीन आहे, २००३ पासून आरोग्य योजना आहे, आणखी काय हवे? हा तर्क करणाऱ्यांनी आकडे पाहावेत. सामान्य जवान पस्तीस ते चाळीस या वयात निवृत्त होतो. मुले शाळेत असतात, घराचे कर्ज फिटलेले नसते आणि काल सीमेवर उभा असलेला माणूस साखर कारखान्याच्या फाटकावर किंवा बँकेच्या दारात रखवालदार म्हणून उभा राहतो. १९७३ मध्ये तिसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर जवानांचे निवृत्तिवेतन घटवले गेले, ही माजी सैनिकांची जुनी सल आहे. 'समान पद, समान निवृत्तिवेतन' हा आदेश निघायला २०१५ उजाडावे लागले आणि तोही जंतरमंतरवर वृद्ध सैनिकांनी ठाण मांडल्यानंतर. २०२२ च्या अग्निपथ योजनेत अपंगत्व आलेल्या अग्निवीरासाठी अपंगत्वाच्या प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाखांची एकरकमी भरपाई ठेवली गेली. विशीतल्या पेटकरांनी जखमी देहानिशी पुढची साठ वर्षे काढली. एकरकमी रक्कम साठ वर्षे पुरते काय, याचे गणित कोणत्याही गृहिणीला मांडता येईल. राष्ट्राच्या संरक्षणाचा विचार अग्रक्रमाने करणाऱ्यांनीच हा प्रश्न सर्वांत मोठ्या आवाजात विचारायला हवा. आपल्या विचाराचे सरकार असले म्हणून प्रश्न गिळायचा नसतो.

न्यायालयातील चित्र तर मान खाली घालायला लावणारे आहे. भरतीच्या वेळी धडधाकट असलेल्या जवानाला सेवाकाळात व्याधी जडली, तर ती सेवेमुळेच जडली असे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. तरीही अपंगत्व निवृत्तिवेतनाचे दावे लढवले जातच राहिले. जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रण रेषेवर गोठवणाऱ्या थंडीत गस्त घालताना एक जवान मृत्युमुखी पडला. त्याच्या पत्नीला वाढीव दराचे कुटुंब निवृत्तिवेतन द्यावे, असा निर्णय सशस्त्र दल न्यायाधिकरणाने दिला, तर केंद्र सरकार त्याविरुद्ध अपिलात गेले. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अपील फेटाळले आणि या विधवेला न्यायालयात खेचल्याबद्दल सरकारवर ५० हजार रुपयांचा खर्च बसवला. ही भगिनी सातारा-सांगलीची नव्हती. पण नियम माणच्या आणि जतच्या घरालाही तेच लागू आहेत, आणि दिल्लीत वकील लावणे तिथल्या किती घरांना परवडेल?

सरकारला बोल लावून समाजाची सुटका होत नाही. तिरंग्यात लपेटलेले पार्थिव येते त्या दिवशी चौकाचौकांत फलक लागतात, नेते रांगेत उभे राहतात, माध्यमांचे कॅमेरे आईच्या चेहऱ्यावर रोखलेले असतात. 'शहीद' म्हणावे की 'हुतात्मा' यावर आपल्याकडे हिरिरीने वाद होतात (हुतात्मा हाच शब्द योग्य, यात शंका नाही), पण त्या हुतात्म्याच्या मुलीची शाळेची फी भरली गेली का, याची चौकशी करण्याइतका उत्साह मागे उरत नाही. वर्षभराने विजयदिनाच्या कार्यक्रमात वीरपत्नीला व्यासपीठावर बोलावून शाल आणि नारळ दिला जातो. तिच्या घरात अशा शालींचा ढीग साचतो.

साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे सुपुत्र कर्नल संतोष महाडिक यांना नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाडा येथे वीरमरण आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी खडतर प्रशिक्षण पूर्ण केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. ही घटना असाधारण आहे. तिचे पोवाडे गाताना एवढे विसरू नये की बहुतेक वीरपत्नींच्या वाट्याला गणवेश येत नाही. त्यांच्या वाट्याला येते ते सासर-माहेरचे ताणलेले नाते, भरपाईच्या रकमेवरून उठलेला कलह आणि 'तिने आता कसे वागावे' यावरचा भावकीचा पहारा. परत आलेल्या जवानाची रात्रीची झोप उडालेली असते, तो उगाच संतापतो, गप्प बसतो, कधी बाटलीला जवळ करतो; गाव त्याला 'मिलिटरीवाल्याचे डोके' म्हणून हसण्यावारी नेते. ती जखम आहे, तिच्यावर उपचार असतात, हे घरच्यांना सांगणारे कोणी नसते.

युद्धाने उद्ध्वस्त झालेल्यांना सावरणे या मातीला अपरिचित आहे काय? शेजारच्या कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतांश स्त्रिया आणि मुले. त्यांच्यासाठी शाळा, प्रार्थनामंदिर, रुग्णालय सारे उभे राहिले. आजाऱ्यांसाठी पाचगणीला आरोग्यधाम होते. सात दशके उलटल्यावरही ती म्हातारी माणसे कोल्हापूरला येऊन गेली. परक्यांसाठी पाच वर्षे जमले ते स्वकीयांसाठी का जमू नये?

ज्या तालुक्यात शाखा आहे, वनवासी पाड्यापर्यंत सेवाकार्य पोहोचले आहे, तेथे गावातील माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची साधी नोंदवही का असू नये? कोणाचे निवृत्तिवेतन अडले आहे, कोणाचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पडून आहे, कोणाला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला हवे, ही माहिती गावातच असते. ७ डिसेंबरला ध्वजनिधीच्या डब्यात नोट टाकण्याआधी तिच्यावर एक संध्याकाळ खर्च करता येईल. उदाहरण द्यायचे तर, शौर्यपदकाचा भत्ता चालू राहण्यासाठी विधवेने पुनर्विवाह दिराशीच केला पाहिजे, ही अट संरक्षण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये रद्द केली. ज्या घरांत तरुण सुनेला अजूनही हीच भीती घातली जाते, तेथे हा आदेश मराठीत वाचून दाखवायला कोणत्याही मंत्र्याची तारीख घ्यावी लागत नाही.